दुधाचे पथ्य

१९८१ सालच्या पितृपंधरवड्यात, एका भर दुपारी, देवकाबाईने घरातल्या चारही खिडक्या लावल्या आणि फटींत ओल्या चिंध्या कोंबायला सुरुवात केली. पाऊस ओसरला होता, धान पोटरीत आले होते, आणि मोहाडीत त्या दिवसांत असा चिकट उष्मा असतो की माणसे दारे-खिडक्या सताड उघड्या टाकून ओसरीवर पडून राहतात. सून चंद्रकांता हातात पाण्याची बादली घेऊन तिच्या मागे उभी होती.

“आई, हे आपल्यासाठी नाही लिहिलं,” ती तिसऱ्यांदा म्हणाली.

“समजलं मले.”

“जिथं झालं तिथल्या लोकायसाठी हाये.”

“मंग माहा जागेश्वर तिथला नाही का? चिंधी दे.”

चंद्रकांताने चिंधी पिळून दिली.

कागद आदल्या दिवशी आला होता. लांबट पाकीट, वर सिंहांचा छाप. परदेशातल्या आपल्या वकिलातीचा कागद मोहाडीच्या पोस्टात कधी आलेला नव्हता, म्हणून पोस्टमन तुलारामने तो दोन्ही हातांनी दिला आणि निघायचे सोडून ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. मजकूर इंग्रजीत होता. केशवरावांना बोलावणे गेले. केशवराव तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो त्यांच्या चष्म्याखालून जायचा. त्यांची पद्धत ठरलेली होती. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नसले तरी आधी सगळा कागद खणखणीत आवाजात इंग्रजीत वाचायचा, आणि मग मराठीत उलगडून सांगायचा.

जागेश्वर ज्या बंदराच्या गावी जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता, तिथून सात-आठ कोसांवर अणुशक्तीवर वीज तयार करायचे केंद्र होते. ऑगस्टच्या शेवटी तिथल्या एका नळातून थोडीशी वाफ बाहेर पडली. घटना किरकोळ होती, कोणी दगावले नव्हते, काळजीचे कारण नव्हते. तरीसुद्धा त्या भागातल्या भारतीय नागरिकांनी दहा दिवस खिडक्या लावून घ्याव्यात, ताजे दूध पिऊ नये, पालेभाजी खाऊ नये, बाहेरच्या वहाणा घरात आणू नयेत, कपडे आतच वाळवावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी. उलटसुलट बातम्यांनी इकडच्या नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये, म्हणून ही प्रत त्यांच्या माहितीसाठी.

“वाफेनं काय होते जी?” सासरे मारोतरावांनी विचारले होते.

“त्या वाफेत किरणं असतेत. दिसत नाहीत, वास येत नाही, आवाज नाही. पण घरात शिरतेत अन् अंगात बसतेत.”

“म्हणजे भूतच का?”

“भूत परवडलं, मारोतराव. भुताले लिंबू तरी चालते.”

तुलाराम हसला. देवकाबाई हसली नाही. तिने एवढेच विचारले, “पथ्य किती दिवसाचं सांगतलं म्हणता?”

पथ्य हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. पण केशवरावांनी वाचलेले सगळे देवकाबाईच्या ओळखीचे होते. घरात कोणाच्या अंगावर माता निघाली, गोवर असो की कांजिण्या, की हेच करायचे असते. फोडणी द्यायची नाही, बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, अमुक खायचे नाही, तमुक शिजवायचे नाही. आणि ते ज्याला माता निघाली त्याने एकट्याने नाही, सगळ्या घराने पाळायचे. जागेश्वर भंडाऱ्याला वसतिगृहात असताना त्याला कांजिण्या आल्या होत्या. तिकडे पोरांच्या खानावळीत कोण पाळणार? देवकाबाईने इकडे मोहाडीत नऊ दिवस कढईखाली फोडणीसाठी जाळ केला नाही. पोरगा तिकडे बरा झाला. भंडारा बारा-तेरा मैलांवर होते आणि हा देश समुद्रापार होता, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी तिने दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला.

मारोतरावांचा जीव चहात होता. पहिल्याच सकाळी काळ्या पाण्याचा कप समोर आला तेव्हा त्यांनी तो हातात धरून उजेडाकडे तिरका केला.

“हे काय होय?”

“चाय.”

“याले चाय म्हणते का? अवं, आपल्या गाईनं काय केलं? ते बिचारी मोहाडीच्या बाहेर कधी गेली नाही.”

“गाईचं नाव कोन घेऊन राहिलं? पथ्य आपलं हाये.”

“दूध कोठी जाते मंग?”

“वासरू पिते. बाजूच्या रत्नाबाईच्या घरी देतो. तुमी प्या गुपचाप.”

मारोतराव प्याले. दोन दिवसांनी ते बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसलेले रत्नाबाईच्या नवऱ्याला दिसले, आणि ती बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. ते आले तेव्हा देवकाबाईने उंबऱ्यात तांब्या ठेवला, आणि त्यांनी पाय धुतल्यावर तो पुन्हा भरून पुढे केला. “चूळ भरा,” म्हणाली. त्यानंतर ते हॉटेलात गेले नाहीत.

सर्वपित्रीच्या आधी त्यांच्या वडिलांची तिथी होती. खीर नारळाच्या दुधात शिजली. पान वाढून बाहेर ठेवले तेव्हा कावळा बराच वेळ आला नाही.

“माह्या बापानं हयातीत नारळ पाहिला नोयता,” मारोतराव आभाळाकडे बघत म्हणाले. “त्याले वाटलं असंन, चुकीच्या घरी आलो.”

चंद्रकांताला हसू फुटले. खिडक्या लागल्यापासून त्या घरात कोणी हसले असेल तर ते तेवढेच.

तिच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती. त्यातली दोन जागेश्वर इथे होता. पंचाहत्तर साली मुंबईच्या एका ठेकेदाराच्या ओळखीने तो तिकडे गेला. अठ्ठ्याहत्तरला महिनाभर येऊन परतला. आधी महिन्याला पत्र यायचे, मग दोन महिन्यांनी, मग सणासुदीला. ‘घर मिळाले की तुला बोलावतो’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असायचे. पुढे पुढे ते शेवटच्या ओळीत सरकले आणि मग कुठल्याशा पत्रात राहूनच गेले. शेवटचे पत्र पौषात आले होते. त्यालाही आता नऊ महिने होत आले होते. केशवरावांनी त्या वाफेचे वर्णन केले, दिसत नाही, वास नाही, आवाज नाही, तेव्हा चंद्रकांता दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला ते नवीन वाटले नव्हते.

चौथ्या दिवशी ती केशवरावांकडे गेली.

“काका, एक पत्र लिहून देता का? वकिलातीले.”

“त्यांनी आपल्याले कळवलं ना, सूनबाई. आता आपण त्यांले काय कळवावं? खिडक्या लावल्या म्हणून?”

“यांले तिकडं कागद भेटला की नाही, तेवढं विचारा.”

केशवरावांनी टाइपरायटरवरची खोळ काढली. कागद चढवला. “मारोतरावच्या नावानं लिहितो. बापाचं पत्र असलं की सरकारात वजन पडते.” त्यांनी दोन ओळी बडवल्या आणि थांबले. “आणखी काही?”

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“पत्ता तोच हाये का,” ती म्हणाली. “म्हणजे राह्यचा. नऊ महिने झाले, काका. असंच विचारा, की पोरगा बरा हाये का, अन् कोठी राहते.”

केशवरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि पुढचे न विचारता टाइप करू लागले.

दहा दिवस झाले. मारोतरावांनी दहाव्या संध्याकाळी आपला कप धुऊन तयार ठेवला होता. देवकाबाई म्हणाली, “पत्र टाकलं ना तिनं? मंग खबर येऊ द्या. खबर आल्याबिगर पथ्य सोडत नसतेत.”

“अन् खबर नाही आली तं?”

देवकाबाई उठून आत गेली. मारोतरावांनी कप फळीवर ठेवून दिला.

आता घराला सवय लागत चालली होती आणि तेच चंद्रकांताला भिववू लागले. भर दुपारी मधल्या खोलीत तिन्हीसांजेसारखा अंधार असायचा. कपडे आतच वाळायचे. ओल्या सुताचा वास भिंतींना धरला होता. एके दिवशी देवकाबाईने पेटी उघडून जागेश्वरचे दोन जुने सदरे काढले, साबण लावून धुतले आणि मधल्या खोलीत दोरीवर टाकले. का, म्हणून चंद्रकांताने विचारले नाही. संध्याकाळी दिवा घेऊन ती त्या खोलीत शिरली, आणि समोर खांदे पसरून उभा असलेला पांढरा आकार पाहून तिचा हात आपोआप डोक्यावर गेला. पदर सावरून झाल्यावर तिला कळले की तो सदरा आहे. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होते. ती तशीच, डोक्यावर पदर घेऊन, खोली ओलांडून गेली. पदर काढायला तिला भीती वाटली.

पुढचे आणखी विचित्र होते. ओल्या फडक्याने जमीन पुसायची म्हणून देवकाबाई रोज पहाटे पातळ शेणाने सारवण करायची. एका सकाळी मधल्या खोलीत, खिडकीखाली, ओल्या सारवणात पावलाचा ठसा होता. एकच, उजव्या पायाचा, मोठा. बोटे खिडकीकडे. जाणारे किंवा येणारे दुसरे पाऊल कुठेच नव्हते.

“मामाजींनी खिडकी उघडली असंन हवेसाठी,” चंद्रकांता म्हणाली.

मारोतराव ओसरीवरून ओरडले, “मी कायले उघडतो! मले चूळ भरायची हौस हाये का?”

देवकाबाई ठशाजवळ उकिडवी बसली होती. तिने त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळी खोली सारवली, पण तेवढी वीतभर जागा सोडून. तिसऱ्या दिवशीही. सारवणाचे थर चढत गेले आणि तो ठसा सुकून, भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल होत गेला. तिघेही त्याला वळसा घालून जाऊ लागले. रत्नाबाई एकदा विरजण मागायला आली, तिला आठवण नव्हती की या घरात आता दही लागत नाही, ती सरळ त्यावरून चालत जायला निघाली, आणि देवकाबाई एवढ्या जोरात “अवो, तिकून!” म्हणाली की रत्नाबाई भिंतीला धरून उभी राहिली.

“काय हाये तिथं?”

“काही नाही. ओलं हाये.”

रत्नाबाईने कोरड्या जमिनीकडे पाहिले, मग चंद्रकांताकडे, आणि विरजण न मागताच गेली. बाहेर गल्लीत ती कोणाला तरी सांगताना ऐकू आली, “बाप्पा, जिवंत पोराचा दिवस करून राहिले ते लोकं.”

चंद्रकांताने ते ऐकले. दिवस जिवंत माणसाचा करत नाहीत. पण या घरात जे चालले होते त्याला दुसरे काय म्हणायचे, हे तिलाही सांगता आले नसते. दुपारी सासू झोपली की ती पोस्टाच्या वाटेकडे कान लावून बसायची. खबर काय असावी, हेही तिला आता नीट मागता येत नव्हते. तो बरा असावा, हे तर होतेच. पण तो बरा असेल, हात-पाय धड असतील, दौतीत शाई असेल, तर नऊ महिने दोन ओळी का आल्या नाहीत? कधी कधी तिच्या मनात येई की वाफ खरेच त्याच्या अंगात बसली असेल, म्हणून लिहिता आले नसेल. आणि आपण काय विचार करतो आहोत हे कळून ती उठून भांडी घासायला घ्यायची. वाफ तर ऑगस्टातली होती.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुसरे पाकीट आले.

तुलारामने सायकल अंगणातच आडवी टाकली. केशवराव स्वतःच उठून आले. मारोतराव खाटेवर, देवकाबाई खांबाला टेकून, चंद्रकांता दारात. केशवरावांनी चष्मा पुसला, पाकीट कडेने नीट फाडले, कागद हातभर लांब धरला आणि नेहमीच्या आवाजात इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्ये गल्लीपर्यंत गेली. तिसऱ्या वाक्याच्या मध्ये त्यांचा आवाज खाली आला. ओठ हलत राहिले, आवाज नव्हता. मग ओठही थांबले, आणि डोळे त्याच ओळीवरून दोनदा फिरले.

“काय म्हणते?” देवकाबाईचा हात खांबावर घट्ट झाला होता. “केशवराव, काय झालं? बोला ना जी!”

“काही नाही, काही नाही. बरा हाये. उत्तम हाये.” त्यांनी कागदाची घडी घातली. “त्याच दिवशी साहेबांनी त्याले फोन करून सांगतलं होतं. घरी फोन हाये म्हणे त्याच्या. तब्येत ठणठणीत. काळजी करू नका म्हणते.”

“अन् बाकीचं?” मारोतरावांनी विचारले. “कागद तं भरला दिसते.”

“बाकी सरकारी भाषा असते. कळावे, लोभ असावा.”

देवकाबाई तिथेच खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. मग उठली, आणि भराभर चिंध्या ओढून काढत चारही खिडक्या तिने उघडल्या. दुपारचे ऊन मधल्या खोलीत एकदम आत आले. मारोतराव कप घेऊन गोठ्याकडेच निघाले.

केशवराव पायरी उतरताना चंद्रकांता त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने हात पुढे केला. त्यांनी क्षणभर कागद खिशात घालायचा विचार केला असावा. हात तिकडे वळलाही होता. पण कागद त्यांचा नव्हता.

“इंग्रजी कठीण हाये, सूनबाई,” ते म्हणाले.

“हो, काका.”

ती मॅट्रिक झालेली होती. परसात, तुळशीपाशी, उन्हात उभे राहून तिने तो वाचला. केशवरावांचे म्हणणे खरे होते. पहिला परिच्छेद तिला जेमतेम लागला. पण पुढच्या परिच्छेदातले शब्द अवघड नव्हते. शाळेत इंग्रजीच्या पहिल्या वर्षी जे शब्द चित्रांसकट शिकवतात, त्यांतलेच होते. वकिलातीतल्या कोणा भल्या अधिकाऱ्याने एका म्हाताऱ्या बापाला धीर यावा म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले होते. आपला मुलगा, त्याची पत्नी आणि त्यांचे सात महिन्यांचे बाळ, तिघेही सुखरूप आहेत. घर बदलले आहे, नवा पत्ता खाली दिला आहे. मोठ्यांना आता कसलेही बंधन नाही. फक्त बाळ लहान असल्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याला महिनाअखेरपर्यंत ताजे दूध देणार नाहीत. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

तिने कागद वाचला, घडी केली, उघडला आणि पुन्हा वाचला. सात महिने. तिने बोटांवर मागे मोजले. फाल्गुन. ती इथे त्या दिवसांत होळीच्या पुरणासाठी डाळ निवडत असेल. मागे गाय हंबरली, वासराला बांधले होते म्हणून. मारोतराव धार काढताना कुठलेसे भजन गुणगुणत होते. घरातून देवकाबाईने हाक मारली, “चंद्रकांता, चुलीत लाकूड सार वो, दूध ठेवतो!” तिने कागद पोलक्यात घातला आणि लाकूड सारायला गेली.

त्या संध्याकाळी तिने डोके दुखते म्हणून काही घेतले नाही. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी. या पौर्णिमेला घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळायची रीत आहे. जागेश्वर थोरला आणि एकुलता. तो गेल्यापासून देवकाबाई दर वर्षी त्याच्या रिकाम्या पाटाला ओवाळत होती. दिवे लागले तसा तिने पाट मांडला, भोवती रांगोळीचे बोट फिरवले, पाटावर नवा टॉवेल ठेवला. निरांजन फिरवताना ती पुटपुटत होती आणि तिचा चेहरा आज फार दिवसांनी मोकळा होता. मग आटवलेले दूध तिने चार वाट्यांत ओतले. एक पाटापुढे ठेवली.

मारोतरावांनी आपली वाटी एका घोटात संपवली आणि मिशा पुसल्या. “आता जिवात जीव आला. सूनबाई, घे ना. थंड होऊन राहिलं.”

चंद्रकांता वाटीकडे बघत होती. सायीवर चारोळीचे दोन दाणे होते.

“माहं पथ्य हाये अजून,” ती म्हणाली.

“काहून? खबर आली ना?”

“आली.”

“मंग? आता कायचं पथ्य?”

“मोठ्यायचं सुटलं, मामाजी.” तिचा आवाज अगदी रोजचा होता. “लहान लेकरायचं महिनाअखेरपर्यंत हाये. कागदात लिहिलं हाये.”

“लहान लेकरू कोठी हाये इथं?” मारोतराव हसले आणि वाटी पुढे केली. “दे मंग, तुही मी पितो.”

देवकाबाई निरांजन घेऊन उभी होती. तिने मारोतरावांकडे पाहिले नाही. ती सुनेकडे पाहत राहिली, पार ज्योत वाऱ्याने आडवी होऊन तिच्या बोटाला लागेपर्यंत. मग तिने निरांजन खाली ठेवले. सुनेच्या पुढची वाटी उचलून तिने दूध पातेल्यात परत ओतले. आपली वाटी घेतली, तीही ओतली. मग वाकून पाटापुढची वाटी उचलली.

“हे तं मोठ्याचं होय,” ती स्वतःशीच म्हणाली आणि ती वाटी तिने मारोतरावांच्या हातात दिली.

पाट त्या वर्षी तिने लगेच उचलला. सकाळी सारवताना खिडकीखालची जागा तिने इतर जमिनीसारखीच, एका हाताने, सारवून टाकली. महिनाअखेरपर्यंत दोघी बायांनी दूध घेतले नाही. त्याबद्दल दोघींमध्ये एक शब्द झाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही. एकतीस तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाईने दोन कप दुधाचा चहा केला, एक सुनेला दिला आणि तिच्याजवळ चुलीपाशी बसून दुसरा प्यायली.

केशवरावांनी त्यानंतर त्या घरचा एकही कागद वाचला नाही. बोलावणे गेले की चष्मा फुटला म्हणून सांगायचे. चौऱ्याऐंशीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वर्षभरात ते गेले. तुलाराम निवृत्त होईपर्यंत मोहाडीतच होता; परदेशाचे पाकीट घेऊन त्या दारी जायची पाळी त्याच्यावर फारशी आली नाही. मारोतराव शहाऐंशीच्या थंडीत छातीच्या दुखण्याने वारले. शेवटपर्यंत ते भेटेल त्याला सांगत, की बायकोने खिडक्या लावल्या, मी महिनाभर काळी चाय प्यालो, म्हणून पोरगा वाचला. त्यांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे कोणी विचारले नाही.

चंद्रकांताने त्र्याऐंशीत भंडाऱ्याला डी.एड.ला नाव घातले. फॉर्मवर सही करायला देवकाबाई स्वतः गेली, मारोतराव कुरकुरले तेव्हा ती म्हणाली, “तिले शिकू द्या, माही पोरगी हाये ते.” पुढे चंद्रकांताला नदीपलीकडे कारध्याच्या शाळेत नोकरी मिळाली. मारोतराव गेल्यावर शेत बटईने देऊन देवकाबाई तिच्याकडे भंडाऱ्याला राहायला आली, आणि नव्वद साली तिच्याच मांडीवर डोके ठेवून गेली.

जागेश्वर पुढे एकदाच आला, सत्त्याऐंशी साली, वडिलांच्या वर्षश्राद्धाला, एकटा. आठ दिवस राहिला. कानशिलावर केस पांढरे झाले होते आणि बोलताना त्याला मराठी शब्द शोधावे लागत. आई त्याच्याशी शेताबद्दल बोलली, गाईबद्दल बोलली, तिकडच्या थंडीबद्दल विचारले. दुसरे काही विचारले नाही. निघायच्या दिवशी त्याला एस.टी. स्टँडवर पोचवायला चंद्रकांता गेली, कारण तिची शाळा त्याच वाटेवर होती. गाडीला वेळ होता. दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले होते.

“लेकराले दूध कधी सुरू केलं मंग?” तिने विचारले.

त्याने चमकून पाहिले. त्याचा चेहरा आधी तांबडा झाला, मग तो खाली बघू लागला. म्हणाला, “कोणतं दूध?”

तिने सांगितले. ते विजेचे केंद्र, ती वाफ, वकिलातीचा कागद, ऑक्टोबरअखेरपर्यंतची मुदत. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता, आणि चंद्रकांताला दिसले की तो खोटे बोलत नाही आहे.

“हो, झालं होतं खरं काही तरी,” तो शेवटी म्हणाला. “कोणाचा तरी फोन आला होता. आम्ही त्याच दिवशी सुट्टीवर निघालो होतो, दुसऱ्या गावाला. आलो तोवर सगळं संपलं होतं.”

गाडी लागली. तो चढला, खिडकीशी बसला. चंद्रकांताने त्याची राहिलेली पिशवी उचलून खिडकीतून आत दिली. पहिला तास तिचाच होता, म्हणून गाडी सुटायची वाट न पाहता ती पुलाकडे चालू लागली.